गाडी बंद पडते, पण कुठं?

अगं, तुमच्या ट्रकचा डिझेलपंप खाली उतरवायचा म्हणतायत ना, ते आधी थांबव. भांडू नको, आवाज चढवू नको. तुझ्या मालकांसमोरच मिस्त्रीला शांतपणे विचार, "पंपच गेलाय, हे कशावरून?" माणूस जाणकार असेल तर रागावणार नाही, समजावून सांगेल. "इतकी वर्षं हेच काम करतोय" एवढंच उत्तर आलं, तर गाडी घेऊन सरळ घरी या.

तू फोनवर सांगितलंस त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गाडी चालता चालता गपकन बंद पडते, थोडा वेळ थांबून चावी मारली की काही झालंच नाही अशी सुरू होते. आणि गॅरेजात दिवसभर उभी केली तर एकदाही बंद पडत नाही. पाव्हण्यांसमोर शहाण्यासारखं बसणारं पोर असतं ना, तसली ही खोड. एकानं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं बॅटऱ्या नव्या घालायला लावल्या, आणि दर वेळी चार दिवस गाडी नीट चाललीसुद्धा. तिथंच माणूस फसतो. अधूनमधून येणारा बिघाड आपोआपही जातो. त्या चार दिवसांआधी जो पार्ट बदलला असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं आणि बिल मात्र आपल्या नावावर फाटतं.

तुझे दाजी वायरमन, मी दुकानाच्या गल्ल्यावर. ते गाडीखाली असतात तेव्हा ड्रायव्हरला चहा देऊन बोलतं करायचं काम माझं. कराडात बसून साताऱ्याकडच्या आणि सांगलीकडच्या अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या बघून मला एक गोष्ट पटलीय. असला बिघाड दुरुस्त करणं अवघड नसतं, तो पकडणं अवघड असतं. आणि पकडायला पान्यापेक्षा वही जास्त उपयोगी पडते. हसू नको. पुढं ऐक.

आपल्या आप्पांचं वाक्य आठवतं ना, "डिझेल गाडीला करंट लागत नाही, एकदा सुरू झाली की झाली"? त्यांच्या जुन्या १२१० ट्रकपुरतं ते अगदी खरं होतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाचं इंजिन १८९७ साली नीट चाललं, त्यात ठिणगीचा प्लगच नव्हता. हवा इतकी दाबायची की ती तापते, त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. आपल्या सातारा रोडच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनायला लागली, ती विहिरींवर आणि गिरण्यांत हँडल मारून सुरू व्हायची. बॅटरीचं नाव नाही. आप्पांची गाडी बंद करायलासुद्धा केबिनमधली स्टॉपची वायर ओढायची. नंतर बऱ्याच गाड्यांत त्या वायरीच्या जागी सोलेनॉइड आलं. चावी चालू असेतोवर त्याला चोवीस व्होल्ट मिळत राहतात आणि डिझेलची वाट उघडी राहते. करंट गेला की वाट बंद. आता तर सगळा कारभार ईसीएम या इलेक्ट्रॉनिक डबीकडे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचा बीएस-४ नियम आला, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि आता कुठल्या नोझलनं कधी किती डिझेल सोडायचं हे ती डबी ठरवते. तिला करंट मिळाला नाही की इंजिन मेलंच. तुमचा मिस्त्री मनानं अजून आप्पांच्या गाडीत बसलाय, म्हणून त्याचा हात सारखा पंपाकडं जातो.

तर पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचार, गाडी बंद पडते कशी? ओढ कमी होत, गचके खात, धापा टाकत बंद पडते, की कुणी चावी फिरवल्यागत एकदम? डिझेल कमी पडत असेल, फिल्टर चोंदला असेल, पाइपनं हवा धरली असेल, तर इंजिन आधी कुरकुरतं, आणि परत सुरू करायला बहुधा हातपंप मारून हवा काढावी लागते. एकदम तुटल्यासारखी बंद पडते आणि हातपंप न मारता पुन्हा सुरू होते, ती बहुतेक वेळा वायरिंगची भानगड असते. बहुतेक म्हणते, नेहमी नाही. पण तुझी गाडी एकदम बंद पडते, म्हणून मी पंपाचा धोशा थांबवायला सांगतेय.

दुसरा प्रश्न डॅशबोर्डचा. बंद पडली त्या क्षणी काय दिसलं? सगळंच काळं झालं, घड्याळ शून्यावर गेलं, तर बॅटरीपासून चावीपर्यंतच्या मोठ्या वाटेत कुठं तरी खोट आहे. बॅटरीचं टर्मिनल, कट-ऑफ स्विच, मोठा फ्यूज, चावीचा स्विच. डॅशबोर्ड जागा होता पण इंजिन मेलं, तर ईसीएमचा रिले, त्याची अर्थची वायर किंवा एखादा सेन्सर. आणखी एक बारकावा आहे. चावी लावल्यावर चेक लाइट जशी लागते आणि विझते, तशीच ती पळत्या गाडीत एकदम लागून विझली, तर समजायचं की ईसीएमचा करंट तुटून परत आला. आरपीएमच्या काट्याकडंही बघायला सांग. गाडी गिअरमध्ये पळतेय, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत, तरी काटा फटकन शून्यावर पडला, तर वेगाचा सिग्नल किंवा करंट गेला. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर सिग्नल ठीक आहे, दुसरीकडं शोधायचं. जुन्या गाड्यांत हा काटा अल्टरनेटरवर चालतो, तिथं ही खूण धरू नको.

आता वही. साधी शंभर पानी, केबिनमध्ये दोरीनं बांधून ठेव. गाडी बंद पडली की ड्रायव्हरनं तिथंच लिहायचं: जागा, वेळ, भरलेली की रिकामी, चढ की खड्डा की सरळ रस्ता, पाऊस होता का, डॅशबोर्डवर काय दिसलं, किती वेळानं सुरू झाली. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवू दे, संध्याकाळी तू उतरवून घे.

आपल्या दोन जिल्ह्यांचा रस्ता या कामाला फार चांगला आहे. तुमचा बेदाणा, हळद घेऊन गाडी सांगलीहून पेठ नाक्यावर येते, मग कराड, उंब्रज, सातारा करत पुण्याला. जुन्या रस्त्यानं जाताना खंबाटकीला बोगदा, येताना घाट. म्हणजे परतीचा माल भरलेला असताना इंजिन सगळ्यात जास्त तापतं ते खंबाटकीच्या चढाला. आणि सगळ्यात जास्त हादरे बसतात ते खड्ड्यांच्या रस्त्याला. पेठ-सांगली रस्त्यानं खड्ड्यांपायी वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्यात. गाडी घाटात बंद पडते की खड्ड्यात, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. एक जागा उष्णतेकडं बोट दाखवते, दुसरी हादऱ्याकडं. आणि फक्त पावसाळ्यात, पहाटे कृष्णाकाठच्या धुक्यात किंवा गाडी धुतल्याच्या दिवशी नखरे करत असेल, तर ओल.

उष्णतेचा माग लागला तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. इंजिन किती वेगात फिरतंय आणि पिस्टन कुठं आहे, हे तो ईसीएमला सांगतो. त्याचा सिग्नल गेला की ईसीएम डिझेल सोडणं बंद करतं. काही गाड्यांत त्याच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं. तापल्यावर तार फुगते, आतला जोड सुटतो. पंधरा-वीस मिनिटांत थंड झाला की परत चिकटतो. म्हणून थंड गाडीवर तपासला तर तो शंभर टक्के चांगला दिसणार! बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघायला हवा. घाटात कोण मीटर घेऊन बसतंय म्हणशील, तर दुकानात आम्ही केस वाळवायचा ड्रायर लावतो. सेन्सरला, रिलेला, एकेकाला गरम करायचं आणि इंजिन कधी दगा देतंय ते बघायचं. माझा ड्रायर केव्हाच गॅरेजचा झालाय, मी नवा घेणं सोडून दिलंय. सेन्सर काढलाच तर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का तेही बघू दे. कधी कधी नुसता पुसून बसवला तरी काम होतं.

हादऱ्याची गोष्ट जास्त रानटी, पण स्वस्तात सुटते. इंजिन चालू ठेवायचं आणि हातानं वायरिंगचा एकेक भाग हलवत जायचं, पट्टा-पंख्यापासून हात लांब ठेवून. कपलर ओढून बघायचे, रिलेवर बोटानं टिचकी मारायची, फ्यूज बोटानं दाबून बघायचे. फ्यूज शाबूत असतो आणि त्याची जागा ढिली झालेली असते, हे फार वेळा होतं. सगळ्यात दुर्लक्षित जागा सांगू? केबिन पुढं उचलतात ना, त्या बिजागरीपाशी. तिथून जाणारा वायरिंगचा जुडगा दर वेळी वाकतो, चेसिसला घासतो, वरचं आवरण शाबूत राहतं आणि आतली तांब्याची तार तुटते. गेल्या वेळी केबिन कधी उचलली आणि गाडी बंद पडायला कधी लागली, या दोन तारखा वहीत शेजारी शेजारी लिहून बघ. मग चेसिसपासून इंजिनाला येणारी अर्थची पट्टी. ती सैल किंवा गंजलेली असली की विचित्र गोष्टी होतात: ब्रेक दाबला की काटा हलतो, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो. ड्रायव्हर असलं काही गंमत म्हणून सांगत असेल तर ती गंमत नाही.

ओलीबद्दल थोडकंच. कपलर उघडल्यावर आत हिरवट पावडर दिसली की तांबं खाल्लं गेलंय. ती हिरवळ तारेच्या आवरणाखाली वितभर आतही सरकते, म्हणून नुसती पिन घासून भागत नाही. चकचकीत तार लागेपर्यंत मागं कापून नवा जोड द्यायचा. आणि प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुणं बंद करा बाई. रबराची सील असली म्हणून सरळ फवारा मारायचा नसतो.

इतकं करूनही हाती लागत नसेल, तेव्हाचा दाजींचा उपाय मला फार आवडतो. चोवीस व्होल्टचे दोन छोटे इंडिकेटर बल्ब घ्यायचे, प्रत्येकाला बारीक फ्यूज लावायचा आणि वायरी लांब करून बल्ब केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर चिकटवायचे. एक चावीच्या लाइनवर, दुसरा ईसीएमच्या मेन रिलेतून बाहेर येणाऱ्या लाइनवर. जुनी गाडी असेल तर सोलेनॉइडच्या वायरीवर. मग गाडी धंद्याला लावायची. बंद पडली त्या क्षणी कुठला बल्ब विझला एवढंच ड्रायव्हरनं सांगायचं. पहिला विझला तर चावी किंवा तिच्या आधीचं. पहिला चालू आणि दुसरा विझला तर रिले किंवा त्याची वायर. दोन्ही चालू असून इंजिन मेलं तर करंटची वाट सुटली, मग अर्थ, सेन्सर आणि डिझेल. गाडी दुकानात अडकून पडत नाही, भाडंही बुडत नाही. मात्र हे बल्ब जाड वायरीच्या लाइनवरच. सेन्सरच्या वायरीत बहुधा पाच व्होल्ट असतात, तिथं टेस्ट लॅम्प टोचला तर सेन्सर किंवा ईसीएम जळू शकतं.

मीटर घेऊन येणारा मिस्त्री वायरीची दोन टोकं धरून "पीं" आवाज ऐकवतो आणि म्हणतो वायर ठीक आहे. तो आवाज फार भोळा असतो. दहा तारांतली एकच शाबूत असली तरी मीटर पीं करतो, पण लोड आल्यावर ती एक तार टिकत नाही. त्याला म्हण, करंटच्या जाड वायरीला २१ वॅटचा बल्ब लावून बघा. बल्ब लख्ख लागला तर वायर चांगली, पिवळा पडला तर खोट सापडली. अर्थ बघायची तर सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत किती व्होल्ट दिसतात ते बघायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी बारा व्होल्टच्या. इंजिन चालू असताना दोन्हींवर मिळून अठ्ठावीसच्या आसपास दिसायला हवेत. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आणि तुमच्या गाडीवर बाहेरून काय काय चढवलंय? म्युझिकल हॉर्न, रंगीत लाइटी, स्पीकर. या प्रत्येक वस्तूसाठी कुणी तरी कुठली तरी वायर सोलून टेप गुंडाळलेली असते. जीपीएसची डबी असेल तर तिच्यात इंजिन बंद करायचा रिले जोडलाय का ते नक्की बघा. तो बहुधा चावीच्या लाइनमध्येच बसतो, आणि तो सैल असेल तर बाकी गाडी नवीकोरी असली तरी बंद पडणार. गाडी गोदामात हळदीच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर उंदरांचा विचार कर. चावीला अडकवलेला तो जाडजूड जुडगाही काढून टाक, त्याच्या वजनानं स्विच आतून झिजतो.

स्कॅनर लावायचाच, पण बॅटरी काढायच्या आधी. काही गाड्यांत बॅटरी काढली की जुने कोड पुसले जातात आणि गॅरेजात शिरल्या शिरल्या टर्मिनल काढायची आपल्याकडच्या लोकांना भारी हौस. स्क्रीनचा फोटो काढून घे. कोडमध्ये क्रँक सेन्सर आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं, त्याची वायर किंवा कपलरही असेल. कोड फक्त मोहल्ला सांगतो, घर आपण शोधायचं. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुणाला वायरिंग कापू देऊ नको. बॉडीचं वेल्डिंग निघालं तर बॅटरी आणि ईसीएमचे कपलर सुटे करूनच. आणि कॉमन रेलच्या गाडीचे नोझलचे पाइप चालू इंजिनात सैल करून बघायची जुनी सवय कुणाला असेल, तर त्याला तिथल्या तिथं अडव. ट्रकच्या टायरात आठ बारच्या आसपास हवा असते, त्या पाइपात १,६०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. तिथून निघालेली डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.

"वहिनी, तुम्हाला यातलं काय कळणार" हे तुला ऐकावं लागेल, लागतंच. आपल्याच नंदुरबारच्या योगिता रघुवंशी वकिलीची पदवी असून ट्रक चालवायला लागल्या, त्यांनाही हे चुकलं नसेल. तू उलट बोलू नको, वही पुढं कर. बदललेला प्रत्येक जुना पार्ट घरी माग, बिलावर पार्टचा नंबर लिहून घे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही.

ड्रायव्हरला मात्र रागावू नको. दर वेळी गाडी बंद पडली की "तूच नीट चालवत नाहीस" असं त्याला ऐकवलं, तर तो सांगायचंच बंद करतो, आणि मग तुझ्या वहीत अर्धं खोटं जमा होतं. उलट जितकं जास्त सांगेल तितका त्याला चहा पाज.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतेय, कारण बिघाड सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर बंद पडणारच. उतारावर इंजिन मेलं तर घाबरून क्लच दाबायचा नाही आणि न्यूट्रल तर मुळीच नाही. गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवत राहतात, म्हणून स्टिअरिंगचा पंप आणि ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर दोन्ही चालतात. क्लच दाबला की स्टिअरिंग दगडाचं होतं आणि टाकीत उरलेल्या हवेवरच ब्रेक लागतात. सारखे दाबून ती संपवायची नसते. चढावर बंद पडली तर डावीकडं घेऊन हँडब्रेक, चाकामागं लाकडी ठोकळा, चारी इंडिकेटर, आणि त्रिकोण गाडीपासून बराच मागं, वळणाच्या अलीकडं. ठोकळ्याऐवजी दगड लावला तर निघताना तो उचलायचाच. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा नंबर १०३३ आहे, चोवीस तास चालतो. आज संध्याकाळी ड्रायव्हर जेवायला आला की त्याच्या फोनमध्ये तो तुझ्या हातानं सेव्ह करून दे.